पाठीमागचा डबा

त्या वर्षी भुईमुगाच्या शेंगा दिसायला टपोऱ्या निघाल्या आणि आतून पोकळ. चिमटीत धरून दाबली की फट्‌कन वाजायची, आणि आत एखादा सुरकुतलेला दाणा, नाहीतर नुसती धूळ. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं म्हणून कात्री टरफल भिरकावून द्यायची. कात्री हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण जिभेला धार असली की गाव नवं नाव देतं, त्यासाठी बारसं करावं लागत नाही.

ही बियाण्याच्या शेंगांची शेड होती. पेरायचा दाणा यंत्रात फोडला तर दुखावतो, म्हणून तो हातानंच फोडायचा. दाण्याचं साल फाटलं तरी मुकादम तो बाजूला काढायचा आणि मापात धरायचा नाही. एरवी शेंगांच्या ढिगावर आदल्या दिवशी पाणी शिंपडून ठेवत, म्हणजे टरफल नरम पडतं. यंदा प्यायला पाणी नव्हतं, तिथं शेंगांना कोण पाजणार? बायका तशाच कोरड्या शेंगा फोडत होत्या. सगळ्यांच्या अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या. चिंधीखाली अंगठा चिरलेला, आणि चिरेत टरफलाची धूळ.

या शेडची एक रीत होती. दुपारचं जेवण झालं की एकीनं पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी फोडता फोडता ऐकायचं. ही रीत पाडली टपालकाकांनी. ते मुळात पोस्टमन. नोकरी संपल्यावर गावचं वाचनालय सांभाळायला लागले. वाचनालय म्हणजे पिठाच्या गिरणीच्या माडीवरची एक खोली, तीन कपाटं आणि एक बाक. खाली गिरणी सुरू झाली की वर पुस्तकं थरथरायची. बाया तिकडं कधी फिरकायच्या नाहीत. टपालकाका म्हणाले, "जन्मभर मी पत्रं दारोदार नेली. लोक काही पत्र न्यायला माझ्या घरी आले नाहीत. पुस्तकाचंही तसंच करू." आणि एक दिवस पिशवीत पुस्तक घालून ते शेडवर आले. त्याला बरीच वर्षं झाली.

पण वाचणारीचे हात पुस्तकात गुंतले तर तिच्या शेंगा कोण फोडणार? मजुरी तर मापावर. म्हणून दुसरी रीत पडली. वाचणारीनं आपला पत्र्याचा डबा पाठीमागं ठेवायचा. शेंगांचा ढीगही तिकडंच. जी बाई आपली पाटी भरून घ्यायला उठेल तिनं जाता जाता त्या डब्यात मूठभर दाणे टाकायचे. वाचणारीनं मूठ मागायची नाही, आणि मागं वळून बघायचंही नाही. पहिली वाचणारी एक म्हातारी होती, आता ती नाही. ती म्हणायची, "देणारीचं तोंड बघितलं की न देणारीचंही दिसतं. मग तिच्यासाठी वाचवत नाही."

तिच्यानंतर वाचायला बसली ती धाकटी. केस पिकायला लागले होते तरी ती धाकटीच, कारण घरात थोरली होती. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. थोरलीचा नवरा जाऊन जमाना झाला. त्याआधीच एका तापात तिचे दोन्ही कान गेले होते. ताप उतरला आणि जग गप्प झालं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं ती कधी ओरडल्यासारखी बोलायची, कधी इतकं हळू की कळायचं नाही. लोक हसतात हे दिसल्यावर तिनं चारचौघांत बोलणंच टाकलं. शेडमध्ये ती तोंड उघडायची ती फक्त पाणी प्यायला. बायकांनी आपणहून ठरवून टाकलं होतं, की बहिरीला मूठ माफ. जिला एक अक्षर ऐकू येत नाही तिनं कशाला द्यायची?

छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उतरलेला उन्हाचा तुकडा दुपारी शेडच्या मधोमध यायचा. तिथं धाकटी लाकडी खोक्यावर बसायची. ऊन पानावर असेतो वाचायचं, सरकलं की पुस्तक मिटायचं. यंदाचं पुस्तक होतं एका नावाड्याच्या बायकोचं. नवरा पैलतीरावर माणसं सोडायला गेला तो परत आलाच नाही. नाव मात्र वाहत परत आली. तेव्हापासून बाई स्वतःच नाव चालवते, आणि पैलतीरी उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल विचारते.

"मेला असणार तो," कात्री म्हणाली.

"कशावरून? दुसरी केली असेल," एक जण म्हणाली.

"मग मेल्याहून वाईट. वाच गं तू."

बायका हसल्या, आणि मग एकदम चूप झाल्या. धाकटीला हा क्षण फार आवडायचा. इतक्या जणींची तोंडं एकदम मिटायची आणि नुसता शेंगांचा फट्‌ फट्‌ आवाज राहायचा. त्यावर तिचा आवाज. घरात तिला एवढं कुणी ऐकून घेत नव्हतं, आणि ते कबूल करायची तिला लाजही वाटत नव्हती.

वाचता वाचता तिचा एक कान मागं असायचा. रिकाम्या डब्यात पहिली मूठ पडली की पत्रा खणकन वाजतो. मग खणखण कमी होत जाते आणि डबा भरत आला की मूठ पडलेली कळतही नाही. चांगल्या वर्षी चार पानं होईपर्यंत डबा मुका व्हायचा. यंदा तो पुस्तक मिटेपर्यंत खणकत होता.

तिला कळत होतं. कुणाला नावं ठेवायची? पोकळ शेंगा सगळ्यांच्याच पाटीत. स्वतःचं माप भरताना नाकी नऊ येतात, तिथं दुसरीच्या डब्यात मूठ टाकायला हात कसा होईल? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, यंदा तर ओलं काही उरलंच नव्हतं. मुठी कमी झाल्या, मग लहान झाल्या. मग एक दिवस धाकटीच्या लक्षात आलं की पाठीमागून एकाच जातीचा आवाज येतोय. थोड्या थोड्या वेळानं, एकसारखी, भरगच्च मूठ. टाकणारी घाईनं टाकत नव्हती. हात डब्यात खालपर्यंत नेऊन हलकेच सोडत होती, दाणा दुखावू नये म्हणून.

धाकटीनं मनाशी धरलं, ही कात्रीच असणार. जीभ तिखट पण मन मऊ. त्या विश्वासावर ती रोज वाचत राहिली.

घरी दोन्ही जावांच्या मजुरीवरच चूल पेटत होती. धाकटीचा नवरा दिवसभर पाण्याच्या रांगेत उभा असायचा, कारण शेतात करण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी दोन घागरी घेऊन यायचा आणि उंबऱ्यावर बसून विचारायचा, "आज कुठवर आली गं नाव?"

"पूर आलाय. पण ती नाव सोडतेय."

"पूर," तो म्हणायचा आणि घागरीत किती पाणी आहे ते वाकून बघायचा.

मुकादमानं मात्र एक दिवस मापाच्या वेळी थोरलीचा डबा हातात घेऊन हलवला. नंतरही दोनतीनदा हलवला. एरवी थोरलीसारखे हात शेडमध्ये नव्हते. ऐकायचं नाही, बोलायचं नाही, तिचं सगळं लक्ष बोटांत. आणि आता तिचंच माप सगळ्यांत कमी.

त्या रात्री जेवताना धाकटीनं थोरलीच्या समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, "जाऊबाई, हात दुखतो का?"

थोरलीनं मान हलवली. नाही.

"मग माप का घटतंय? मी तर वाचते, माझं कमी पडलं तर समजण्यासारखं आहे. तुमचं पण कमी पडलं तर कसं व्हायचं? जरा भरभर आवरा."

थोरली तिच्या ओठांकडं बघत राहिली. सगळं कळलं की अर्धं कळलं, कुणास ठाऊक. तिनं आपल्या ताटातला उरलेला घास धाकटीच्या नवऱ्याच्या ताटात सारला आणि उठली. "वहिनी रागावल्या वाटतं," नवरा म्हणाला. "रागावू देत," धाकटी म्हणाली. "खरं बोललं की राग येतोच." हे शब्द तिला पुढं फार दिवस छळणार होते.

आठवडा संपता संपता मुकादमानं सगळ्यांदेखत सांगितलं, "म्हातारीचे हात गेले. उद्यापासून तिला आणू नका. तिच्या जागी दुसरी येतेय."

थोरली रांगेत आपला डबा धरून उभी होती. मुकादमाचं तोंड हललं, ते आपल्याबद्दल हललं, एवढं तिला दिसलं. तिनं धाकटीकडं बघितलं.

"सांग की तिला," मुकादम म्हणाला. "मी काय खुणा करत बसू?"

धाकटीनं सांगितलं. तिनं थोरलीच्या हाताकडं बोट दाखवलं, मग हाताचा पंजा हलवून नाही म्हटलं, मग दाराकडं दाखवलं. आपल्याच जावेला अशा खुणांनी दार दाखवावं लागलं, वर भोवती सगळ्या बायका बघत होत्या. तिला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. थोरलीनं अंगठ्याची चिंधी सोडली, तिची घडी केली आणि कमरेला खोचली. मग डबा पालथा घालून ती निघाली. रस्त्यानं दोघी मागंपुढं चालल्या. धाकटीच्या मनात दुःख होतं, पण थोडा रागही होता, म्हातारीनं जरा मनावर घेतलं असतं तर, असा.

दुसऱ्या दिवशी ऊन खोक्यावर आलं तशी धाकटी पुस्तक उघडून बसली. डबा पाठीमागं ठेवला. पुस्तकात पूर ओसरला होता. पैलतीरी एक आंधळा माणूस नावेत बसला आणि म्हणाला, तुझ्या वल्ह्याचा आवाज मी ओळखतो, असंच वल्हं मारणारा एक जण आमच्या गावात आहे.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं. नवी आलेली बाईसुद्धा हात थांबवून बघत राहिली.

धाकटी वाचत होती. बायका उठत होत्या, ढिगाकडं जात होत्या, पाट्या भरून परत येत होत्या. पावलं तिला ऐकू येत होती. प्रत्येक पाऊल डब्यापाशी जरा अडखळायचं आणि पुढं जायचं. एक पान झालं. दुसरं झालं. पत्रा वाजला नाही. तिनं आवाज थोडा चढवला. मागं कुणाचा हात आलाच तर तो ऐकू येणार नाही, म्हणून पुन्हा उतरवला. तिसऱ्या पानावर तिची जागा चुकली आणि तीच ओळ तिनं दोनदा वाचली.

ऊन सरकलं. तिनं पुस्तक मिटलं, आणि रीत मोडून हात मागं नेला. डब्याचा तळ हाताला लागला, गार आणि कोरडा.

ती वळली. बायका खाली बघत होत्या. कात्रीचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"ती तूच होतीस ना?" धाकटीनं विचारलं. "रोज टाकणारी?"

"मी?" कात्री म्हणाली. "माझ्या घरी पाच तोंडं आहेत गं. मी केव्हाच थांबले."

"मग कोण?"

कात्रीची जीभ पहिल्यांदाच अडकली. चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं तिनं कोपऱ्याकडं दाखवलं. तिथं थोरली बसायची. आता तिथं नवी बाई बसली होती, आणि आपल्याकडं का बोट दाखवलं म्हणून ती घाबरली.

"आम्ही सगळ्या बघत होतो," कात्री म्हणाली. "तिचा डबा अर्धा व्हायचा, तुझा भरायचा. आम्हाला वाटायचं तुला ठाऊक आहे. घरचं घरात चाललंय म्हटलं."

धाकटीला आठवलं, भरभर आवरा. तिला आठवला ताटातून सारलेला तो घास. ती खोक्यावरच बसून राहिली, मुकादम माप घ्यायला येईपर्यंत.

मुकादमाला तिनं सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर मालक होता, आणि बियाणं वेळेवर पोचलं नाही तर बोलणी त्यालाच बसत.

"म्हणजे म्हातारीचे हात चांगले आहेत?"

"शेडमध्ये सगळ्यांत चांगले."

"मग तिला आण उद्यापासून. पण ते वाचन बंद. मला दोघींचं माप पुरं दिसलं पाहिजे. चांगल्या वर्षी मी कधी काही म्हटलंय का? यंदा नाही परवडत."

"बंद करते," धाकटी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मुकादमालाच जरा वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "पुढच्या साली बघू." पुढच्या सालाचं कोण सांगणार?

घरी जाण्याआधी ती गिरणीच्या माडीवर चढली. गिरणी बंद होती, दळायला कुणाकडं काही नव्हतं. टपालकाका बाकावर बसून एका पुस्तकाची पाठ डिंकानं चिकटवत होते. तिनं नावाड्याच्या बायकोचं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं.

"झालं वाचून?"

"नाही, काका. थोडं राहिलंय. पण शेडवरचं वाचन बंद झालं."

टपालकाकांनी बोटांवरचा डिंक पुसला. "गिरणीवाला ही खोली मागतोय," ते म्हणाले. "त्याला कडबा ठेवायचाय. मी त्याला म्हणत होतो, वर कुणी येत नाही हे खरं, पण आमचं एक पुस्तक रोज तीस बाया वाचतात. आता काय सांगू?"

या माणसानं इतकी वर्षं पिशवी वाहिली, आणि त्याच्या हातातला शेवटचा आधार तिनंच काढून घेतला होता. पण घरात उपाशी जाऊ होती. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही तिच्याच गळ्यात.

"बस इथं," काका म्हणाले. "उजेड आहे अजून. राहिलेलं वाचून तरी जा. तो सापडतो की नाही ते कळेल तुला."

"नको, काका," ती म्हणाली. "एकटीनं कळून काय करू?"

घरी थोरली भांड्यांत राख घालून बसली होती. पाण्याशिवाय भांडी घासायला ती आता चांगली शिकली होती. धाकटी तिच्यासमोर बसली. काय बोलावं हे तिनं वाटेत ठरवलं होतं, ते विसरून गेली. तिनं थोरलीचा राखेनं माखलेला हात धरला, अंगठ्याची चीर बघितली, आणि रडायला लागली.

"काय झालं?" थोरलीनं मोठ्यानं विचारलं.

धाकटीनं डोळे पुसले आणि ओठ हलवत, सावकाश सांगितलं. मूठ तुमची होती, मला कळलं. मुकादमाला सांगितलं. उद्यापासून तुम्ही यायचं कामावर. तुमची जागा परत मिळाली.

थोरलीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आणि मी वाचन सोडलं," धाकटी म्हणाली. "आता तुम्हाला कुणाला द्यायला नको."

ते हसू तिथंच थांबलं. थोरलीनं तिच्या ओठांकडं पुन्हा बघितलं, नीट कळलं नसेल अशा आशेनं. धाकटीनं पुस्तक मिटल्याची खूण केली.

"का सोडलंस?" थोरली म्हणाली.

"तुम्हाला ऐकू तरी येत होतं का, जाऊबाई? कशाला देत होता तुम्ही?"

थोरलीनं भांडं पुन्हा घासायला घेतलं. मग तिनं सांगितलं. आवाज मध्येच मोठा व्हायचा, मध्येच बुडायचा, पण धाकटीला प्रत्येक शब्द कळला.

"तिथं सगळ्यांची तोंडं सारखी हलत असतात. हसतात. मला वाटतं माझ्यावरच हसतात. नसतीलही, पण वाटतं. दिवसभर मान खाली घालून बसते मी. तू पुस्तक उघडलंस की सगळ्यांची तोंडं मिटायची. सगळ्या माझ्यासारख्या व्हायच्या. मग मी वर बघायची. सगळ्यांकडं बघायची, एकेकीकडं. तेवढा वेळ मी एकटी बहिरी नसायची." तिनं भांडं उपडं ठेवलं. "मूठभर दाण्यांत स्वस्त होतं गं."

बाहेर धाकटीचा नवरा घागरी घेऊन आला आणि उंबऱ्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी थोरली आपल्या कोपऱ्यात बसली. नवी बाई दाराजवळ सरकली. धाकटीनं आपली पाटी उचलली आणि थोरलीच्या अगदी समोर मांडली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. दोघी फोडायला लागल्या. खोकं भिंतीशी उभं करून ठेवलं होतं, त्यावर कुणीतरी चिंध्या वाळत घातल्या होत्या.

बायका बोलत होत्या. पाण्याबद्दल, सासवांबद्दल, कुणाच्या तरी पळून गेलेल्या सुनेबद्दल. थोरली मान खाली घालून फोडत होती.

दुपारी उन्हाचा तुकडा शेडच्या मधोमध आला, तशा सगळ्याजणी सवयीनं चूप झाल्या. कुणी ठरवलं नव्हतं. नुसता शेंगांचा फट्‌ फट्‌ आवाज राहिला. थोरलीनं चटकन मान वर केली, आणि एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. सगळी मिटलेली. मग तिनं त्या रिकाम्या उन्हाकडं बघितलं.

"अगं ए," कात्री म्हणाली, "आता त्या आंधळ्यानं सांगितलेला तो खरंच तिचा नवरा होता का गं?"

"सांग ना. वाचलं असशील तू," एक जण म्हणाली.

"नसलं वाचलं तर मनानं सांग. आमच्यापैकी कोण बघायला जातंय?"

"मला विचाराल तर तो नवरा नव्हताच," दुसरी म्हणाली, आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या.

थोरलीची नजर एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि शेवटी समोर धाकटीवर येऊन थांबली. धाकटीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते; इतक्या हलणाऱ्या तोंडांत ते एकच मिटलेलं. कात्रीनं पुन्हा विचारलं, तरी तिनं फक्त मान हलवली. "वाचन सुटलं तर बोलणंही सोडलंस का?" कात्री म्हणाली, आणि कुणीतरी हसलं. धाकटीनं तोंड उघडलं नाही. थोरली बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली, मग तिनं पाटीतली एक शेंग उचलली.